पिकायला ठेवलेले फोटो

भोरला खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी माझं नावगाव विचारायच्या आधी माझा फोटो काढला. मी पिशव्या खाली ठेवून घाम पुसत होते. केस पिंजारलेले, साडीचा काठ एसटीच्या दारात अडकून उसवलेला. काका आतून आले, गळ्यातला कॅमेरा उचलला, खटका दाबला आणि म्हणाले, “या बाई. खोली वर हाय.”

“अहो, निदान केस तरी सारखे करू द्यायचे!” मी म्हटलं. “बघू, कसा आलाय?”

डिजिटल कॅमेऱ्याला मागे पडदा असतो एवढं मलाही कळत होतं. काकांनी कॅमेरा उलटा करून दाखवला. पडद्यावर काळी चिकटपट्टी मारलेली, वायरीला गुंडाळतात तसली.

“आत्ता बघून काय करणार? आत्ता आरसा हाय की,” ते म्हणाले. “फोटो पिकू द्यावा लागतो. पिकला की मीच आणून देतो.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझं माहेर सारोळ्याचं, पुलाजवळचं. हायवेवर नाना तऱ्हेची माणसं चहाला उतरतात, त्यामुळे चक्रम माणूस मी लांबून ओळखते. दुसरी खोली हाताशी असती तर त्या पायरीवरूनच परत फिरले असते. पण शाळेत दुसऱ्याच दिवशी हजर व्हायचं होतं, आणि तेवढ्यात काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “ह्यांचं मनावर घिऊ नका,” त्या म्हणाल्या. “लगीन झाल्यापासून माझे फोटो काढत्यात, आन अजून एक दाखवला न्हाई.”

मी हसले. पुढे बदली होईपर्यंत त्याच खोलीत राहिले.

काका रस्त्याच्या कामावर मुकादम होते. भोरपासून वेल्ह्यापर्यंत खडी, डांबर आणि मोऱ्या ह्यांतच त्यांची नोकरी सरली. फोटो हा नुसता नाद. धंदा म्हणून त्यांनी कधी कॅमेरा धरला नाही. पहिला कॅमेरा म्हणजे एक काळा डबा, कुठल्याशा साहेबांनी बदली होऊन जाताना दिलेला. मग दोन भिंगांचा आला, पोटाशी धरून वरून वाकून बघायचा. त्या दिवसांत गुंजवण्याकडच्या बायका म्हणायच्या, मुकादम लई गरीब माणूस, बाईमाणसापुढं मान वर करीत न्हाई. त्यानंतर डोळ्याला लावायचा रिळाचा कॅमेरा. तो काकांना कधी मनापासून आवडला नाही. समोरच्याला वाटतं आपल्यावर नेम धरलाय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी पुण्याच्या मुलीने डिजिटल दिला आणि त्याच्या पडद्याची वाट काकांनी पहिल्याच दिवशी लावली. नवा कॅमेरा आला की महिनाभर ह्यांचं जेवणावर ध्यान नसायचं, असं काकू सांगायच्या. “सवत आल्यावानी वाटायचं बघा,” म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

कॅमेरे बदलले, पण रीत तीच राहिली. एका माणसाचा एका वेळी एकच फोटो. बाजारातल्या स्टुडिओतून तो धुवून आला की पाकिटात. पाकिटावर गावाचं आणि माणसाचं नाव. मग ते पाकीट पिकायला ठेवायचं, दहा वर्षं, पंधरा वर्षं, जे काय लागेल ते. मध्येच कधीतरी काका त्या गावाला जायचे, त्या माणसासमोर उभे राहायचे, त्याला नीट न्याहाळायचे आणि म्हणायचे, “अजून न्हाई.” म्हणजे तुम्ही अजून बदलला नाहीत. बदललात की मिळेल.

आता ह्याला काय म्हणावं! सख्ख्या भाचीच्या लग्नात पांढऱ्या साडीतल्या नवरीचा फोटो ह्यांनी काढला, तो तिच्या हातात पडला तेव्हा तिची पोरगी दप्तर घेऊन शाळेत जात होती. जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्या पोरांना पोट सुटल्यावर फोटो मिळाले. लोक सुरुवातीला चिडायचे, शिव्या द्यायचे. नंतर त्याची गंमत झाली. म्हाताऱ्या बायका तर मिरवायच्या, “मला न्हाई गं अजून फोटो मिळाला!” आणि ज्या घरात पाकीट यायचं त्या घरात बाई आधी आरशाकडे जायची.

एकदा रविवारी हट्टाने मी त्यांच्या मोपेडवर मागे बसून गुंजवण्याच्या बाजूला गेले. एका घरी काकांनी एका शेतकऱ्याला पाकीट दिलं. त्याचं जुनं घर धरणात गेलेलं. फोटोत तो त्या घराच्या उंबऱ्यावर बसलेला होता, काळ्याभोर केसांचा, हसताना सगळे दात दिसणारा. मला वाटलं तो घराबद्दल काहीतरी बोलेल. पण तो बायकोला म्हणाला, “ह्यो मी व्हय? मला वाटायचं मी जन्मापासनं असाच म्हातारा हाय.” बायको म्हणाली, “दात बघा की, दात!” दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तो उठून आत गेला तो बराच वेळ बाहेरच आला नाही. काका पायरीवर बसून शांतपणे चहा पीत होते. परत येताना मी त्यांना काही बोलले नाही. माझी बडबड बंद झाली म्हणजे मला काहीतरी पटलंय, हे तोवर त्यांना कळायला लागलं होतं.

पण सगळीच घरं हसणारी नव्हती. किकवीजवळ एका घरी गेलो, तर ज्याचा फोटो तो माणूस दोन महिन्यांपूर्वी गेलेला. त्याची बायको दारातच उभी राहिली. पाकीट उघडून बघितलं आणि तिचा आवाज असा चढला की शेजारचे गोठ्यातून बाहेर आले. “आजारपणात मागत व्हता वो फोटो! म्हनायचा, मुकादमाला निरोप धाडा, मी तरणा कसा दिसायचो ते एकदा बघू द्या. तुमचा फोटो पिकत बसला, आन माजा माणूस गेला.”

काकांनी हात जोडले. “चुकलं माझं, ताई,” एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेत कापूरव्होळला थांबून त्यांनी चहा मागवला आणि तसाच ठेवला. मी म्हटलं, “काका, आता तरी ही रीत सोडा.” ते म्हणाले, “बाई, फोटो कवा द्यायचा ते कळतं. माणूस कवा जाईल ते कसं कळावं?” मला राग आला होता. माणूस हट्टी असला की शहाणपणाचं बोलूनसुद्धा हट्टच पुढे रेटतो.

आणि घरात काकू होत्याच. त्यांचे फोटो म्हणजे जाड पाकिटांचा एक गठ्ठा, सुतळीने बांधलेला. दर दिवाळीला पहिल्या आंघोळीनंतर त्या काकांपुढे उभ्या राहायच्या. “पिकला का माझा फोटो?” काका त्यांच्याकडे नुकतंच लग्न करून आणल्यासारखे बघायचे आणि मान हलवायचे. “अजून न्हाई.”

“डोंबल तुमचं!” म्हणायच्या काकू, पण गाल लाल व्हायचे. केस पांढरे झाले, पुढचे दोन दात पडले, गुडघे धरले, तरी अजून न्हाईच. मी एकदा काकांना बाजूला घेऊन विचारलं, “काका, लोकांना बरोबर सांगता, मग काकूंनाच का लटकवून ठेवलंय?” ते भिंग पुसायला लागले. मग म्हणाले, “ती म्हातारी झाली, असं तिला कोणच्या तोंडानं सांगू?”

म्हणजे बघा! साऱ्या तालुक्याला म्हातारपण पाकिटात घालून वाटणारा हा माणूस घरात मात्र घाबरत होता. वर काकूंना वचन दिलेलं, की एक दिवस दोघं मिळून निवांत बसू आणि पहिल्यापासून सगळे फोटो बघू. काकू त्या दिवसाच्या गोष्टी मला इतक्या वेळा सांगायच्या की तो दिवस होऊन गेलाय की काय असं मला वाटायचं. गठ्ठ्यातला पहिला फोटो लग्नानंतर आठवड्याने काढलेला आहे आणि त्यात आपण विहिरीवर हंडा घासतोय, हे त्यांना पक्कं आठवत होतं. “हंडा घासतानाचा कुणी फोटो काढतं का? पण म्या बघितलं ह्यांच्याकडं, तर हे असे बघत व्हते, की मला घासायचंच सुचंना.”

हे सगळं ठेवायची जागा म्हणजे तांदळाची कोठी. आमच्या भागात पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात. कपाटातल्या पाकिटांना बुरशी धरते, भिंगावर जाळं येतं. म्हणून काकांचे जुने कॅमेरे आणि सगळी पाकिटं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तांदळात पुरलेली असायची, तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून. भात लावायला काकू कोठीत हात घालायच्या तो कधी कधी कुणाचं तरी पाकीट घेऊनच वर यायचा. “आज वेल्ह्याचा पाटील आला वर,” असं म्हणून त्या त्याला परत खाली दाबायच्या.

दर उन्हाळ्यात वर्षाच्या तांदळाला किडा लागू नये म्हणून एरंडेल चोळायचं असे. त्याच्या आदल्या दिवशी काकू स्वतः सगळी पाकिटं वर काढून खाटेवर मांडायच्या. ह्यात कधी चूक व्हायची नाही. एका वर्षी मी दुपारी शाळेतून आले तर काकू कोठीत कोपरापर्यंत हात घालून तेल चोळत बसल्या होत्या आणि पाकिटं आतच होती. पिशव्या फाटलेल्या, कागद तेलाने पारदर्शक झालेले, आतले चेहरे बाहेरून दिसायला लागलेले. मी ओरडले, “काकू, अहो हे काय!”

काकूंनी एक तेलकट पाकीट वर काढलं, उलटसुलट केलं आणि चिडून म्हणाल्या, “ह्ये कुणी भरलं गं तांदळात? कागदं का ठिवायची जागा हाय ही?”

मागे काका उभे होते. ते रागावतील असं मला वाटलं. ते काकूंच्या शेजारी बसले, त्यांच्या बरोबरीने एकेक पाकीट वर काढू लागले आणि धोतराला पुसून बाजूला ठेवू लागले. फोटोंचं काय झालं हे त्यांनी बघितलंच नाही. ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते आम्हाला कोठीपाशीच कळलं होतं. विसरण्याचा आजार. आधी नावं गेली, मग दिवस, मग स्वयंपाक. मी काकांच्या मागे लागले, “गठ्ठा सोडा. आत्ता दाखवा. आत्ता नाही तर कधी?” ते म्हणायचे, “दाखवतो. जरा बरी हुं द्या तिला.” आणि मला किकवीची ती बाई आठवायची. मी तेही एकदा तोंडावर बोलून दाखवलं. काका पांढरे पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुतळी सोडली. खाटेवर स्वच्छ चादर घातली, काकूंना नवी साडी नेसवायला मला बोलावलं, आणि लग्नानंतरच्या त्या पहिल्या फोटोपासून सगळे फोटो एका ओळीत मांडले. तेलाचे डाग होते, पण चेहरे वाचले होते. हंडा घासणारी काकू, डोक्यावर भाताची पेंढी घेतलेली, मुलीला पाठीशी बांधलेली, झोपलेली, रुसलेली. मी आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं. आणि एकाही फोटोत काका नव्हते. कसे असणार? कॅमेरा कधी दुसऱ्याच्या हातात दिला असेल तर ना!

काकूंनी हंड्याचा फोटो उचलला. लगेच ओळखला. चेहरा उजळला त्यांचा. “ही मी! विहिरीवर. ह्यो आमच्या ह्यांनी काढलाय.” मग त्यांनी काकांकडे बघितलं आणि भुवया आवळल्या. “तुमच्याकडं कसा आला?”

काका म्हणाले, “अगं, मीच तो.”

“काय बोलता?” काकूंनी भराभर फोटो गोळा केले आणि छातीशी धरले. “आमचे मालक तरणे हायेत. हे फोटो ते कुणाला दाखवू देत न्हाईत, पिकायला ठिवल्यात त्यांनी. परक्याचं सामान असं उचकायचं असतं व्हय? ते आले तर तुमची खैर न्हाई.”

आणि त्या फोटो घेऊन आतल्या खोलीत निघून गेल्या.

काका पायरीवर येऊन बसले. एवढा थोराड माणूस, तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागला. “बाई, लई उशीर केला म्या. तिला समदं आठवतंय. फक्त मीच न्हाई. दाखवू तरी काय तिला? माझा एक फोटो न्हाई तिच्यासंगं.” त्यांची समजूत काय घालणार? मी नुसती शेजारी बसून रडले.

त्यानंतर काकू त्यांना परका माणूस समजायला लागल्या. काका शेजारी बसले की त्या पदर सावरून उठायच्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही, पण बाईमाणसाने परपुरुषाशेजारी बसू नये एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. काका जेवण वाढून लांब पायरीवर जाऊन बसायचे, चहासुद्धा तिथेच. रात्री मधल्या खोलीत चटई टाकायचे. मी काही म्हटलं तर म्हणायचे, “लगनात तिच्या मालकाला वचन दिलंय तिनं. मी मधी कोण?”

त्याच दिवसांत त्यांनी कोठी रिकामी केली. सगळी पाकिटं मोपेडला लावून गावोगाव फिरले आणि पिकलेलं-कच्चं न बघता ज्याचं त्याला देऊन आले. माझंही पाकीट माझ्या हातात ठेवलं. “पिकला न्हाई अजून, पण घ्या.” पिंजारलेल्या केसांची, घाम पुसणारी, रागावलेली ती पोरगी बघून मला हसू आलं, आणि मग मी आरशापुढे जाऊन उभी राहिले. कॅमेरा त्यांनी खुंटीला अडकवला आणि पुन्हा हात लावला नाही.

माझी बदली व्हायच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार सकाळ होती. काकूंपुढे अंगणात पावट्याच्या शेंगांची टोपली होती. हात जे शिकलेत ते विसरत नाहीत. त्या शेंगा सोलत होत्या, दाणे परातीत, सालं ओच्यात. काका आले आणि एक शब्द न बोलता शेजारी बसले. मी जिन्यावरून बघत होते. काका वर न बघता शेंगा सोलायला लागले. काकूंनी एकदा तिरक्या नजरेने बघितलं. उठल्या नाहीत. टोपली थोडी त्यांच्या बाजूला सरकवली.

परात अर्धी भरली. मग काकांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, “बाई, मोबाईल हाय का जवळ? काढा. दोघांचा.”

मी खाली येऊन समोर उभी राहिले. एक काढला.

“दाखवा.”

“आत्ताच?”

“आत्ताच. तिला दाखवा.”

मी मोबाईल काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ धरला, बोटाने काच पुसली. “कोण हायेत ही म्हातारी माणसं?”

काका शेंग सोलता सोलता म्हणाले, “कोण वाटत्यात?”

“नवरा-बायको हायेत.”

“कशावरनं?”

“शेजारी बसल्यात आन बोलत न्हाईत. एवढं निवांत दुसरं कोण बसतं व्हय?”

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विचारलं, “आन ती बाई? ती सुखात हाय का त्याच्यासंगं?”

काकूंनी फोटो पुन्हा बघितला, चांगला निरखून. मग मोबाईल माझ्याकडे दिला आणि ओच्यातली सालं झटकली.

“आसंल की,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर उठून गेली नसती?”

आणि टोपलीतून मूठभर शेंगा घेऊन त्या सोलत राहिल्या, तिथेच, काकांच्या शेजारी.